डबीतले सहा खडे

९ फेब्रुवारी

चिरंजीव मुंगळ्यास,

ताईचे आशीर्वाद. आत्ता नको असतील तर कपाटावर ठेवून दे. आशीर्वाद नासत नाहीत, नुसती धूळ बसते.

अठ्ठेचाळीस वर्षांच्या, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका प्रतिष्ठित गृहस्थाला सात वर्षांनी पत्र लिहायचं आणि वर मुंगळ्या म्हणायचं, हे शोभत नाही, मान्य आहे. पण नाव ठेवणारी मी आणि चड्डीच्या खिशामागे मुंग्यांची रांग घेऊन फिरणारा तू. दोघंही हयात असताना ते बदलण्याचा अधिकार तिसऱ्या कुणाला पोचत नाही. फोन करत नाही, कारण तू उचलत नाहीस. पत्र परत पाठवायचं तर पोस्टापर्यंत चालावं लागतं, आणि तुझा आळस मला ठाऊक आहे.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला. बालवाडी शिकवणाऱ्या बाईंनी वाईट बातमी सांगावी तर तिच्यासारखी. आधी मला खुर्चीवर बसवलं, मग पाणी प्यायला लावलं, ग्लास रिकामा झाला का विचारलं, आणि मग सांगितलं. ठिपकीला माझं दुखणं लागलं आहे. आठ महिने झाले. दहा वर्षांची पोर, ढसाढसा पाणी पीत होती, अंथरूण ओलं करत होती, वाळत चालली होती, आणि तुम्ही दोघं म्हणत होता की उन्हाळा आहे. यात तुमची चूक नाही. आपल्या आईनंही माझ्या वेळी उन्हाळ्यावरच खापर फोडलं होतं.

तू मला कळवलं नाहीस, याचा राग मी धरलेला नाही. धरला होता, काल सोडला.

डॉक्टर म्हणतात, आत्याकडून भाचीला हे जाण्याची शक्यता फारच थोडी. आपल्या घरात बहुतेक गोष्टी या थोड्या शक्यतेच्याच घडत आल्या आहेत. पण एक मनात पक्कं कर आणि तिलाही सांग : हे गोड खाल्ल्यानं झालेलं नाही, कुणाच्या हलगर्जीपणानंही नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांनी इन्सुलिन करणाऱ्या आपल्याच पेशींना चोर समजून मारून टाकलं. त्या पेशी जिथं राहतात त्या अवयवाला मराठीत स्वादुपिंड म्हणतात. हा शब्द ज्यानं घडवला त्याला हे दुखणं नसणार. आता जे इन्सुलिन आतून येत नाही ते बाहेरून द्यायचं, रोज, जन्मभर. साखर रक्तात भरपूर असते, पण इन्सुलिनशिवाय ती पेशीच्या दारातून आत जात नाही. माणूस भरल्या ताटासमोर उपाशी मरतो. एवढंच या रोगाचं शास्त्र आहे; उरलेली सगळी कारकुनी.

त्या कारकुनीत मी बेचाळीस वर्षं आहे. काही विचारायचं असेल तर विचार. न विचारता एक सांगते : बोट मधोमध टोचू नकोस, कडेला टोच. मधल्या भागानं वही धरायची असते, तिथं दुखतं. आणि रोज बोट बदल.

अक्षर थोराड दिसेल. नवं पेन जाड निघालं आहे.

ता. क. डबी अजून माझ्याकडे आहे. बिजागरी गंजली आहे, उघडते.

ताई


२ मार्च

मुंगळ्या,

उत्तर नाही. म्हणजे पत्र पोचलं.

तुझी बायको मला दर रविवारी फोन करते हे तुला माहीत नसेल तर आता झालं. तिच्यावर चिडू नकोस. तिला तुझी भीती नाही, तुझ्यासाठी भीती वाटते.

ती सांगते, डॉक्टरांनी जेवणाआधी सहा युनिट लिहून दिली आहेत आणि तू तीन देतोस. मशीनवर एकशे चाळीस आले, म्हणजे ज्या आकड्याला डॉक्टर पाठ थोपटतील तो आला, की तुझा चेहरा पांढरा पडतो आणि तू पोरीला फळांचा रस पाजतोस. दोनशे ऐंशी-तीनशे असले की तुला जेवण जातं. दुपारी काम टाकून शाळेच्या फाटकाशी जाऊन बसतोस. शिपायानं तुझ्यासाठी एक खुर्ची ठरवून टाकली आहे म्हणे. वर्गातल्या मुलींनी ठिपकीला विचारलं, तुझे बाबा शाळेत कामाला लागले का.

तिनं तुझ्या वहीचा फोटोही पाठवला. मी मोठा करकरून पाहिला. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासते आहे, बाबा. माझ्यापासून काही लपवायचं तर निदान दोन पेनं वापरायची होतीस. १३२, १४१, १३८, १४५. महिनाभराचे आकडे एका बैठकीत, एका शाईत, एका हातानं, डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बसून भरलेले. खरं आजारपण इतकं नीटनेटकं नसतं. ही विद्या तुझ्या आधी मी आत्मसात केली होती, म्हणून ओळखली. डॉक्टरही ओळखतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते, तिला वही वाचता येत नाही. ठिपकीची साडेअकरा आली आहे. सातच्या आसपास हवी.

तुझ्याच भाषेत बोलू. लिफ्ट पडू नये म्हणून तू ती सर्वांत वरच्या मजल्यावर नेऊन अडकवून ठेवली आहेस. पडत नाही, खरं आहे. पण आत माणूस आहे, मुंगळ्या. दार बंद आहे, आणि आतली हवा रोज थोडी थोडी संपते आहे. लिफ्टचं काम वर-खाली करणं. वेग वाढला की धरून ठेवायला ब्रेक असतो, त्यावर विसंबूनच लोक तुझ्या लिफ्टमध्ये पाय ठेवतात. साखर उतरली तर त्यालाही ब्रेक आहे : साखरेचे तीन-चार खडे, पंधरा मिनिटं, पुन्हा बोट टोचायचं. सत्तरच्या खाली गेली, हात थरथरले, घाम फुटला, पोर उगाच चिडली, की खडे. एवढं तर तुला नवव्या वर्षी येत होतं. आईनं तुला शर्करावाहक नेमलं तेव्हा तू आरशासमोर उभा राहून सराव केला होतास : ताई बस, ताई तोंड उघड, ताई चाव.

तुला भीती कसली वाटते ते मला माहीत आहे. तू काय पाहिलंस तेही. त्याबद्दल कधीतरी लिहीन.

तूर्त सहा लिहिली असतील तर सहा दे. नाहीतर डॉक्टरांना जाऊन सरळ सांग की मला भीती वाटते. त्यांनी ते याआधी हजार बापांकडून ऐकलं असेल.

ताई


१९ मार्च

मुंगळ्या,

आज ठिपकीनं स्वतः फोन केला, आईच्या फोनवरून, आई अंघोळीला गेलेली असताना. म्हणजे घराण्याला साजेशी निघाली.

तिनं आधी माझी परीक्षा घेतली. सुया रोज किती, पोटाला टोचतेस का मांडीला, सुई टोचताना बाहेर बघतेस का सुईकडे. मी सुईकडे बघते म्हटल्यावर थोडी मानानं बोलायला लागली. वर्गात तिला दर तासाला उठावं लागतं म्हणून तिला नळ म्हणतात. मी म्हटलं मला टाकी म्हणायचे. हसली. मग म्हणाली, पाय दुखतात, अक्षरं फळ्यावरून पुसल्यासारखी दिसतात, आणि हे बाबांना सांगू नको, ते रडतात.

तू रडतोस हे मला माहीत नव्हतं. लहानपणी कधी रडला नाहीस.

मग तिनं विचारलं, "आत्या, इन्सुलिननं तू मरत होतीस ना? बाबांनी पाहिलंय."

मी काय म्हणावं? संस्कृतात एम.ए. झालेली, शब्दकोशाची मुद्रितं वाचणारी बाई. मी म्हणाले, छे गं, पायरीवरून घसरले होते.

पोरं खोटं लगेच ओळखतात, फक्त मोठ्यांची अडचण होऊ नये म्हणून बोलत नाहीत. "बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या बक्षीस समारंभाविषयी तुला एक सांगायचं आहे. आज सांगणार होते. पण टेबलावर चाळीस पानं तपासायची पडली आहेत, आणि छापखान्याचे मालक दोनदा डोकावून गेले. पुढच्या पत्रात.

ताई


७ एप्रिल

मुंगळ्या,

परवा तुमच्याकडच्या दवाखान्यातून परत आले. बसमधले सहा तास आणि घरातले दोन दिवस हे पत्र मनात लिहून खोडते आहे. आता खोडत नाही. लांबेल. तुझी बायको वाचून दाखवते म्हणाली तर नको म्हण, तूच वाच.

आधी जे झालं ते, म्हणजे मला ते नीट कळलं आहे की नाही तू तपासू शकशील. गुरुवारी पोरीला ताप आला. उलट्या सुरू झाल्या. अन्नाचा कण पोटात ठरेना. तू विचार केलास, खात नाही तर इन्सुलिन कशाला, उगाच साखर उतरेल. आणि दिवसभर सुई दिली नाहीस. शुक्रवारी दुपारपर्यंत ती धापा टाकत होती, श्वासाला सडक्या फळासारखा वास येत होता. तुझ्या बायकोनं टॅक्सी बोलावली. अतिदक्षता विभाग, दोन्ही हातांना सलाइन, रक्तात आम्ल.

डॉक्टरांनी तुला समजावलं असेल. त्या वेळी तुझ्या कानात काही शिरलं नसेल, म्हणून पुन्हा लिहिते. इन्सुलिन फक्त खाल्लेल्यासाठी नसतं. ते मुळीच नसलं की शरीर साखर वापरू शकत नाही आणि चरबी जाळायला घेतं. त्या जाळण्याची राख म्हणजे कीटोन, आणि ती राख आंबट विष असते. आजारपणात तर इन्सुलिन बहुधा जास्तच लागतं. म्हणून उलटी होत असो, उपास असो, सुई पूर्ण बंद करायची नाही. कमी-जास्त किती ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं, लघवीत पट्टी बुडवून कीटोन तपासायचे, आणि उलटी थांबत नसेल तर घरी बसायचं नाही.

आता दवाखान्याचा कॉरिडॉर. तू पाहिलंसच, पण त्यावर आपण बोललो नाही, म्हणून मी बोलते. घड्याळाखालच्या बाकावर एक गृहस्थ डोकं धरून बसले होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मुंगळ्या, मी आले रे. ते बिचारे बायकोच्या बाळंतपणासाठी आले होते. त्यांनी माझा हात काढला नाही, त्याबद्दल त्यांचं कल्याण होवो. तू समोरच्या भिंतीला टेकून चार पावलांवर उभा होतास. मी येताना तुझ्या अंगावरून गेले होते.

तू म्हणालास, "ताई, मी इथं आहे."

सात वर्षांत तेवढंच बोललास. मग आत निघून गेलास. तुला कळलं असणार, मला दिसत नाही. पेन जाड नव्हतं.

डावा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. आतल्या पडद्यावर नको तिथं नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, लेसर मारून मारून डॉक्टर थकले. उजव्यात एक काळा ठिपका पोहत असतो. कधी तो पसरतो आणि पान बुडतं. छापखान्यानं मला काढलं नाही. शेजारी एक मुलगी बसवली आहे. ती मोठ्यानं वाचते, मी ऐकून चुका सांगते. स्वल्पविरामाच्या जागी ती जरा श्वास घेते, आणि अर्धविराम आला की टेबलावर टिचकी मारते. असं आमचं शास्त्र चाललं आहे.

आता बक्षीस समारंभ.

मी चौदाची, तू नऊचा. पाठांतरात माझा पहिला नंबर. बक्षीस मिळवणाऱ्यांना मुख्याध्यापिकाबाई स्वतः केलेला केक देणार होत्या, आणि मी तीन वर्षांत केक चाखला नव्हता. आदल्या संध्याकाळी मी तुला मागच्या खोलीत गाठलं आणि डबी मागितली. सहा खडे होते. तू म्हणालास, आईला विचारू का? मी म्हणाले, विचारलंस तर बघ, उद्या भरून ठेवू. तू दाराशी पहारा दिलास आणि मी सहाच्या सहा खाल्ले. सकाळी भरायचं दोघंही विसरलो.

एवढं तुला माहीत आहे. एकोणचाळीस वर्षं माहीत आहे आणि तू कुणाला सांगितलं नाहीस. बाबांनी भर सभागृहात, सगळ्या शाळेसमोर तुझ्या मुस्काटात मारली, तेव्हाही नाही. तू उघडी, रिकामी डबी हातात धरून उभा होतास. मी तेव्हा शुद्धीवर आले होते, मुंगळ्या. शिपायानं हिरड्यांना साखर चोळली होती, गोड लागत होती, चपराकीचा आवाज ऐकू आला, बाबा म्हणाले, एवढंसं काम दिलं होतं तुला. मी डोळे मिटून पडून राहिले. उघडले असते तर बोलावं लागलं असतं.

महिन्याभरात तुला काकांकडे पाठवलं. तिथली शाळा चांगली, म्हणाले. नऊ वर्षं. सुट्टीत यायचास तो पाहुण्यासारखा. स्वयंपाकघरातलं कपाट उघडायच्या आधी विचारायचास. मी त्याची चेष्टा करायचे. तू हसायचास.

सात वर्षांपूर्वी आई जाताना भ्रमात होती. तिनं तुझा हात धरला आणि विचारलं, "डबी भरलीस का रे?" तू माझ्याकडे बघितलंस. मला ती नजर समजली. एक वाक्य पुरलं असतं. मी चादरीची सुरकुती सरळ केली. तू तेराव्यानंतर गेलास तो गेलास. लोकांनी मला विचारलं, काय बिनसलं? मी म्हणाले, पहिल्यापासूनच तो जरा अबोल.

हे झालं तुला माहीत असलेलं. आता तुला माहीत नसलेलं. हे कुणालाच माहीत नाही.

त्या सकाळी आईनं मला रोजची आठ युनिट टोचली आणि ती साडी बदलायला गेली. काचेची सिरिंज अजून गरम होती. मी बाटली उचलली आणि स्वतःच आणखी दहा भरून मांडीत मारली. केकसाठी. जास्त इन्सुलिन घेतलं की जास्त गोड खाता येतं, हे माझं मीच शोधून काढलं होतं, आणि मला फार हुशार असल्यासारखं वाटत होतं. केक साडेदहाला मिळायचा होता. प्रमुख पाहुणे शरीरस्वास्थ्य आणि शिस्त या विषयावर सव्वा तास बोलले. अकराच्या सुमाराला माझं नाव पुकारलं, मी व्यासपीठाच्या तिसऱ्या पायरीवर होते, आणि अठरा युनिटांनी मला खाली ओढलं. जबडा फुटला, झटके आले, डोळे फिरले. तू पहिल्या रांगेत होतास, सगळं पाहिलंस.

तू काय शिकलास ते मला आता कळतं. तू शिकलास की रोजचं इन्सुलिन, डॉक्टरनं सांगितलेलं, आईनं मोजून दिलेलं, माणसाला असं मारू शकतं. आणि खिशात सहा खडे नसले की संपलं. म्हणून तू आज लेकीला निम्मं देतोस. म्हणून फाटकाशी खुर्ची टाकून बसतोस. तुझं निरीक्षण बरोबर होतं. मीच तुला चुकीचा पाठ दिला. आठ युनिटांनी मी पडले नव्हते. चोरून घेतलेल्या दहांनी पडले, आणि डबी रिकामी होती तीही माझ्यामुळे. त्या सगळ्या प्रकरणात ज्यानं काही चूक केली नव्हती असा एकच माणूस होता, आणि त्याच्याच मुस्काटात बसली.

आणखी एक, म्हणजे सगळं झालं. त्यानंतर आईनं इन्सुलिन कमी केलं. तेव्हा लघवी परीक्षानळीत घालून, निळं औषध टाकून स्टोव्हवर उकळायचे, आठवतं? निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. आईला निळं दिसलं की धडकी भरायची. विटकरी आलं की म्हणायची, चला, आज काळजी नाही. दहा-बारा वर्षं आमच्या घरात रोज विटकरी आलं. मी खरं सांगितलं असतं तर तिनं रोजचा डोस कमी केला नसता. तेव्हा तुझी पद्धत काही नवी नाही, मुंगळ्या. ती आपल्या घरात एकदा पूर्ण वापरून झाली आहे. वर्षानुवर्षांच्या त्या साखरेनं माझे डोळे खाल्ले; परवा मी दुसऱ्याच बाप्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्या पद्धतीचा निकाल.

हे मी ९ फेब्रुवारीला लिहिलं असतं तर कदाचित ठिपकी त्या खोलीत गेली नसती. तेव्हा मी लिहिलं, पेन जाड आहे. १९ मार्चला चाळीस पानं पुढे केली. सभागृहात एकदा, आईच्या उशाशी एकदा, आणि आता ही तिसरी खेप. गप्प बसणं मला अंगवळणी पडलं आहे. तरी दर वेळी त्याचा भार तुझ्याच घरावर पडावा, हे काही मी ठरवून केलं नव्हतं.

क्षमा मागत नाही. एकोणचाळीस वर्षांनी मागितलेली क्षमा देणाऱ्यालाच ओझं होते. ठिपकीला मात्र खरं सांग, माझ्या नावानिशी सांग : आत्या घसरली नव्हती. आत्यानं चोरून जास्त टोचून घेतलं होतं. तिला ते कळायला हवं. चार वर्षांनी तीही चौदाची होईल, आणि केक जगात असणारच.

डबी सोबत पाठवते आहे. रिकामीच आहे. भरायचं काम तुझं, पण या वेळी पोरीसमोर भर.

ताई


११ मे

मुंगळ्या,

पाकीट मिळालं.

छापखान्यातल्या मुलीनं फोडलं आणि म्हणाली, बाई, पत्र नाहीये, नुसतेच आकडे आहेत. मी म्हटलं दे इकडे. तिला वाचू दिलं नाही. खिडकीशी खुर्ची ओढली, भिंग घेतलं, उजवा डोळा आज जरा मेहरबान होता. तीन पानं वाचायला मला सगळी दुपार लागली.

चोवीस दिवस. २१२. ९७. ३०१, त्याच्यापुढे तुझं 'वाढदिवस, वर्गात'. १६८. काही निळ्या पेनानं, काही पेन्सिलीनं, एक ओळ जांभळ्या स्केचपेननं आणि ती तुझ्या अक्षरात नाही. एका कोपऱ्यात रक्ताचा वाळलेला थेंब. जेवणाआधीच्या रकान्यात सहा, सहा, सहा, एकदा साडेपाच, पुन्हा सहा. एवढं गबाळं, वेडंवाकडं मुद्रित माझ्या हाताखालून कधी गेलं नव्हतं, आणि मला त्यात दुरुस्तीला जागा सापडली नाही.

बावीस एप्रिलच्या पुढे तू गोल केला आहेस. दुपारी चार वाजता ६२. शेजारी : 'चार खडे. डबीतले. पंधरा मि. ९४.' त्याच्या पुढची जागा बराच वेळ रिकामी सोडल्यासारखी वाटते, आणि मग संध्याकाळी पुन्हा सहा युनिट. ते सहा लिहिताना पेन इतकं दाबलं आहेस की मागच्या बाजूनं हाताला लागतं. मी बोट फिरवून पाहिलं.

एकही शब्द माझ्यासाठी नाही. नसू दे. मला उद्देशून काही लिहावं असं मी तुझ्याशी वागलेली नाही.

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी आहे. डॉक्टर आधी शक्यता सांगायचे. गेल्या खेपेस त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. येऊ नकोस. पोरीला सुट्टी आहे, तू तिच्यापाशीच बरा. पण शाळा उघडली की फाटकाशी नको, रस्त्याच्या पलीकडे उभा राहत जा. पोरीची लाज राख.

या महिन्याचे आकडेही पाठव. फक्त आकडे जरा मोठे काढ.

ताई